पाण्यापर्यंत जायची वाट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं होतं. ते हळूहळू परत आलं आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता ती मला म्हणाली, मला एकदा पाण्यात पाय सोडून बसायचंय गं. मी म्हटलं थांब, टबात कोमट पाणी आणते. तर मान हलवली. तसलं पाणी नको, खरं पाणी, तळ्याचं नाहीतर समुद्राचं.

आम्ही ठाण्यात राहतो. ठाणं म्हणजे तलावांचं शहर हे लहानपणापासून ऐकत आलोय, एकेकाळी साठेक तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत, पण पस्तीस म्हणजे काही कमी नाहीत. त्यामुळे मला वाटलं यात काय एवढं, रविवारी रिक्षा करायची, व्हीलचेअर घडी करून मागे टाकायची आणि एखाद्या तळ्याकाठी जाऊन बसायचं, तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामाला आम्हाला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत जे बघितलं ते लिहून काढल्याशिवाय मला राहवेना म्हणून ही पोस्ट.

पहिला प्रयत्न घराजवळच्या एका तलावावर. नाव घेत नाही, कारण जे तिथे आहे ते बऱ्याच ठिकाणी आहे. गेटवर लोखंडी पाईप नागमोडी लावलेत, मोटरसायकली आत घुसू नयेत म्हणून. हेतू चांगलाच आहे, ट्रॅकवर गाड्या आल्या तर म्हातारी माणसं चालणार कुठे. पण त्या पाईपांमधनं मोटरसायकल जात नाही तशी व्हीलचेअरही जात नाही, बाबागाडीही जात नाही, वॉकर घेऊन चालणाऱ्याला वॉकर डोक्यावर धरावा लागेल. वॉचमनदादा बिचारे भले, ते म्हणाले ताई मागच्या बाजूला मोठं गेट आहे पण त्याची चावी माझ्याकडे नसते. मग त्यांनी आणि मी आईला हाताला धरून उभं केलं, चार पावलं चालवलं, व्हीलचेअर वरनं उचलून पलीकडे ठेवली, परत बसवलं. आई घामाने भिजली होती. आत ट्रॅक छान होता, पेव्हर ब्लॉक, झाडं, बाकडी, सगळं. पण तळ्याला चारी बाजूंनी छातीएवढं रेलिंग, रेलिंगला आतनं जाळी, आणि पाणी खाली पाच-सहा फुटांवर, मध्ये दगडी पिचिंगचा उतार. आईने डाव्या हाताने रेलिंग धरलं आणि बराच वेळ जाळीतनं खाली बघत बसली, एक कासव दगडावर ऊन खात होतं. मग म्हणाली, इथे पाण्याचा वाससुद्धा येत नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना. आपण तलावाला पाण्याचा म्हणून ठेवतो का बघण्याचा म्हणून? रेलिंग का लावतात ते मला कळतं, पोरं बुडालीत, लोक निर्माल्याच्या पिशव्या टाकतात, रात्री बाटल्या टाकतात, आणि एखादा अपघात झाला की पहिला प्रश्न येतो कुंपण का नव्हतं. तेव्हा ज्याच्या सहीने काम होतं तो माणूस सगळ्यात सोपं तेच करणार, सगळीकडे कुंपण. पण अर्ध्या किलोमीटरच्या काठावर एक तरी जागा अशी हवी ना जिथे पाणी गुडघ्याएवढंच आहे, पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत, धरायला दांडा आहे आणि संध्याकाळी एक माणूस शिट्टी घेऊन बसलेला आहे. आपल्याकडे घाट बांधायची किती जुनी पद्धत आहे, वाईला बघा, नाशिकला बघा, बायका कपडे धुवायला, पोरं पोहायला, म्हातारे संध्येला, सगळे त्याच पायऱ्यांवर. पाण्यापाशी खाली उतरायचं असतं हे बांधणाऱ्याला माहीत होतं.

त्या दिवसापासून मी पर्समध्ये मोजमापाची टेप ठेवायला लागले. फुटपाथचा कठडा बहुतेक ठिकाणी सात इंच, कुठे नऊ. त्याला चढायला रॅम्प केलेला असतो, पण तो एवढासा, अडीच-तीन फुटांचा. रॅम्पचा जो सरकारी हिशेब आहे तो आहे एकास बारा, म्हणजे एक इंच उंची चढायची तर बारा इंच लांबी लागते, सात इंचांच्या कठड्याला सात फूट. अडीच फुटांच्या रॅम्पवर व्हीलचेअर ढकलायची म्हणजे मागचा माणूस जवळजवळ आडवा होतो आणि खुर्चीतला माणूस मागे कलंडतो, मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा आईने डोळे मिटून घेतले होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत बजावलं की अशा सोयींचे नियम नुसती मार्गदर्शक सूचना म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक पाहिजेत. म्हणजे कागद तयार आहे. मी म्हणतेय ते फक्त साडेचार फुटांबद्दल, जे त्या रॅम्पला कमी पडतात.

मग तलावपाळीला गेलो. मासुंद्याची, म्हणजे तलावपाळीच्या तळ्याची, मजा मला लहानपणापासून आवडते, एका बाजूला गडकरी रंगायतन, एका बाजूला कौपिनेश्वराचं देऊळ, मध्ये बोटी, भेळवाले, घोडागाडीच्या आठवणी सांगणारे आजोबा, दिवाळी पहाटला तर पाय ठेवायला जागा नसते. ही जागा शहराची आहे असं तिथे गेल्या गेल्या वाटतं, तिकीट नाही, कुणी विचारत नाही कुठनं आलात, कॉलेजची पोरं आणि नऊवारीतल्या आज्या एकाच कठड्यावर बसलेल्या असतात. आईला तिथे खूप बरं वाटलं, दोन तास बसलो, भेळ खाल्ली. पण पाणी तिथेही कठड्याच्या पलीकडेच. बोटीत बसवता येईल का विचारलं तर बोटवाला मुलगा मनापासून म्हणाला, काकूंना उचलून ठेवू पण बोट हलते, त्या घाबरतील. तो बरोबर बोलला. तरंगती जेट्टी असेल, बोटीच्या काठाच्या उंचीची, तर ठेवता येतं, नाहीतर नाही.

उपवन तलावाला घाट आहे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी संध्याकाळी फार सुंदर दिसतो, आम्ही वरच्या पायरीवर बसून आलो. खाली उतरायला पायऱ्याच, साहजिक आहे.

आता पवईबद्दल लिहायला हवं, कारण हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच की लोकांना जागा द्या म्हटलं की तलाव भरतात, त्यापेक्षा कुंपण बरं. मी सहा वर्षं पवईला नोकरी केली, तलाव रोज बसच्या खिडकीतनं बघायचे. १८९० च्या सुमारास बांधलेला तलाव, साडेपाचशे कोटी लिटरच्या जवळपास पाणी मावतं, पण ते पिण्याचं राहिलेलं नाही, कारखान्यांना आणि आरेच्या वसाहतीला जातं, आणि पावसाळ्यात भरून वाहिला की मिठी नदीत जातं. तलावात मगरी आहेत, खरोखरच्या, काठावर उन्हात पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. तर २०२१ मध्ये महापालिकेने तलावाभोवती सायकल ट्रॅक आणि जॉगिंग ट्रॅकचं काम सुरू केलं. मला तेव्हा किती आनंद झाला होता सांगू, ऑफिसातल्या आम्ही चौघींनी सायकली घ्यायचं ठरवलं होतं. मग हळूहळू कळलं की ट्रॅक काठावर नाही तर काठाच्या आत, पाण्याच्या जागेत दगड टाकून होतोय. आयआयटीतल्या संशोधक मुलांनी हायकोर्टात याचिका केली, ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि केलेलं बांधकाम काढून जागा पहिल्यासारखी करा म्हणून सांगितलं. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, त्यात पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला बंदी आहे.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण नंतर ते नियम काढून वाचले आणि एक गोष्ट दिसली जी कुणी बोलत नाही. त्या पन्नास मीटरच्या बंदीत एक अपवाद आहे, बोटींच्या जेट्टीचा. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं की माणसाला पाण्यापर्यंत जावं लागतं, फक्त ते पाण्याला न बुजवता जावं. खांबांवरची लाकडी जेट्टी पाणी अडवत नाही, खालनं मासे जातात, मगरीची अंडी घालायची जागा सोडून दुसरीकडे बांधता येते. दहा-अकरा किलोमीटरचा गोल ट्रॅक कुणी मागितला होता? तलावाला प्रदक्षिणा घातलीच पाहिजे असं काही नाही, चार ठिकाणी पाण्याशी नीट पोचता आलं आणि बाकीचा काठ पक्ष्यांना, मगरींना, झाडांना राहिला तरी पुष्कळ. सगळा काठ सिमेंटचा करायचा नाहीतर सगळ्याला कुंपण घालायचं, या दोन्हीच्या मध्ये खूप जागा आहे आणि तिथेच काम व्हायला हवंय.

दिवाळीनंतर आम्ही मुंबईला कोस्टल रोडच्या कडेच्या नव्या विहारपथावर गेलो, भाऊ गाडी घेऊन आला होता. ऑगस्ट २०२५ पासून तो टप्प्याटप्प्याने उघडलाय, एकूण साडेसात किलोमीटरचा, रस्त्याच्या खालनं भुयारी वाटेने जावं लागतं. व्हीलचेअरसाठी म्हणाल तर ठाण्यातल्या कुठल्याही जागेपेक्षा सोपा, रुंद, सपाट, आईला मी एका हाताने ढकलत होते. वारा भन्नाट. सावली मात्र नाही, झाडं मोठी व्हायला वेळ लागेल, दुपारी नेऊ नका कुणाला. समुद्र समोर पसरलेला, पण मध्ये भिंत आणि भिंतीखाली मोठमोठे दगड. आई हसली, म्हणाली इथे वास येतो, पण पाय पोचत नाहीत. म्हणजे प्रगती आहे.

तिथे उभं राहून मला वरळी कोळीवाड्याच्या लोकांची आठवण आली. याच रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये अंतर किती ठेवायचं यावर ते कितीतरी महिने भांडले, कारण त्यांच्या होड्या त्या खांबांमधनं समुद्रात जाणार होत्या. आराखड्यात साठ मीटर होतं, त्यांनी दोनशे मागितलं, २०२२ च्या शेवटी एकशेवीसवर मान्य झालं. आम्हाला फिरायला किनारा हवा आणि त्यांना पोटासाठी, पण मागणं एकच आहे, पाण्यापर्यंत जायची वाट अडवू नका. मला वाटतं फिरायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण जिथे जिथे किनाऱ्याचं सुशोभीकरण होतं तिथे पहिली हलवली जाते ती जाळी विणायची आणि मासळी वाळत घालायची जागा.

जानेवारीत मामाचा फोन आला, देवळात उत्सव आहे, ताईला घेऊन ये. आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. मी लगेच रजा टाकली. मनात म्हटलं आता काय अडचण, आईच्या अंगणातनं निघालेली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, सरळ पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर उतरते, लहानपणी आम्ही मे महिन्यात त्याच वाटेने दिवसातनं तीनदा जायचो, चिऱ्याची पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांवरनं वाकलेल्या माडाच्या झावळ्या, शेवटी एक बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, ते गुरांसाठी, माणसाने बांबू सरकवायचा, पलीकडे जायचं आणि परत लावायचा. ते परत लावलं नाही म्हणून मी आजोबांचा मार खाल्लाय. बेड्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र.

बेडं नव्हतं. त्या जागी लोखंडी गेट, त्याला कुलूप, बाजूला चिऱ्याची नवी उंच भिंत आणि आत कुणाचं तरी घर, भाड्याने देतात म्हणे सुट्टीत. मामा म्हणाला दोन वर्षं झाली. शेवटची दोन आगरं, म्हणजे नारळाच्या वाड्या, मुंबईच्या एका माणसाने घेतली, त्याच्या कागदावर पाखाडीचा शेवटचा साठ-सत्तर फुटांचा तुकडा त्याच्याच जागेत आहे. गावाने विचारलं तर म्हणाला, पर्यटक येतात, दारू पितात, बाटल्या फोडतात, माझ्या पायऱ्यांवर घाण करतात, मी का सहन करू. आणि मामाने प्रामाणिकपणे सांगितलं की हे खरं आहे, बाटल्या आम्हीच उचलायचो. गावातल्या लोकांना तेव्हापासून अर्धा किलोमीटर वळसा घालून होड्या लागतात तिथनं जावं लागतं. तरण्याताठ्यांचं काही नाही, पण मामाच्या शेजारची आजी, जी रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन बसायची, ती दोन वर्षं समुद्रावर गेलेली नाही. समुद्र तिला घरात ऐकू येतो.

त्या रात्री मला झोप आली नाही, फोनवर बसून जेवढं मिळेल तेवढं वाचलं. गोव्यात दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे, तिथे अगदी असंच झालं होतं, फक्त मोठ्या प्रमाणात, पंचतारांकित हॉटेलचं वाढीव बांधकाम लोकांच्या जुन्या वाटेवर आलं होतं. लोक कोर्टात गेले, हायकोर्टात जिंकले, आणि २० जानेवारी २००९ ला सुप्रीम कोर्टाने हॉटेलचं अपील फेटाळून वाट अडवणारं बांधकाम पाडायला सांगितलं. समुद्रकिनारा, नद्या, हवा या गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीने ठेव म्हणून आहेत, हे तत्त्व कोर्टाने १९९६ मध्येच बियास नदीच्या खटल्यात सांगितलं होतं, त्याचाच आधार इथे घेतला. एवढं होऊन पुढे काय, तर गोवा सरकारने वटहुकूम काढून कायदाच बदलला. ते वाचून मला रडू आलं, रात्री दोन वाजता, मामीच्या माजघरात.

सीआरझेडमध्येही, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या केंद्राच्या नियमांतही, अशा वाटेचं आहे. १९९१ ची पहिली अधिसूचना असो की २०११ ची, किनाऱ्यावरच्या हॉटेल-रिसॉर्टसाठीच्या अटींत लिहिलेलं आहे की दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला कमीत कमी वीस मीटर रुंद वाट सोडायची. किती जणांना माहितीये हे? पण आमच्या पाखाडीचं दुखणं असं की ते रिसॉर्ट नाही, एका माणसाचं घर आहे, आणि तो नियम तिथे लागत नाही. शेतावर जायची वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जायचं, तो जागेवर येऊन बघतो आणि अडथळा काढायला लावतो, शेतकऱ्यांना हा कायदा पाठ असतो. समुद्रावर जायच्या वाटेला असा साधा, जवळचा, तहसीलमध्ये सुटणारा मार्ग का नसावा? खाडीवरची, नदीवरची, तळ्यावरची वहिवाट ही पण वहिवाटच आहे ना.

सकाळी मामाला हे सगळं सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, आधी बघायला पाहिजे पाखाडी तेवीस नंबरला लागलेली आहे का. ग्रामपंचायतीत तेवीस नंबरचं रजिस्टर असतं, गावातल्या रस्त्यांचं. बहुतेक भांडणं तिथेच ठरतात, नोंद असली तर गेट लावणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं आणि नसली तर गावाला. चौकशी केली तर पाखाडीचा वरचा भाग नोंदलेला आहे, शेवटचा तुकडा नाही. कुणाला कधी वाटलंच नाही की तो नोंदायला हवा, वाट होती, माणसं जात होती, कागद कशाला. कोकणात अशा किती पाखाड्या असतील ज्यांचा शेवटचा तुकडा कुठेच लिहिलेला नाही. तुमच्या गावात समुद्रावर, नदीवर, तळ्यावर जायची वाट असेल तर आजच जाऊन बघा, वाट उघडी आहे तोवर नोंद करणं सोपं आहे, गेट लागल्यावर वर्षानुवर्षं जातात.

आणि आईचं काय, ते सांगते. दुपारी भरती होती, मामा म्हणाला चारनंतर ओहोटी लागेल, तेव्हा होड्यांकडनं जाऊ. रिक्षाने वळसा घालून गेलो. रस्ता संपतो तिथनं कोरडी मऊ वाळू सुरू होते, आणि त्या वाळूत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं पहिल्याच फुटावर रुतली. मी टेपने मोजलं नाही पण शंभरेक फूट असेल तो पट्टा, त्यापुढे ओहोटीने मागे सोडलेली ओली वाळू, घट्ट, त्यावर मोटरसायकलसुद्धा चालते. म्हणजे सगळी अडचण त्या शंभर फुटांची. चेन्नईला मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये याच कोरड्या पट्ट्यासाठी लाकडी वाट केली, २६३ मीटरची, लोक व्हीलचेअरवर बसून थेट लाटांजवळ गेले, पुढच्याच महिन्यात वादळात ती तुटली तर दुरुस्त करून परत उघडली. आमच्याकडे शंभर फूट. २०२५ मध्ये गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि पालघरचा पारनाका या आपल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला, त्याच्या निकषांत अपंगांच्या सोयी, पाण्याची तपासणी, जीवरक्षक हे सगळं येतं, मला त्याचा खरंच अभिमान वाटला, आणि हेही वाटलं की झेंडा नसलेल्या गावांतही आज्या आहेत.

होडीपाशी जाळं साफ करत तीन-चार पोरं बसली होती. मामाने हाक मारायच्या आधीच एक जण उठला, म्हणाला आत्या, थांबा, खुर्ची आणतो. होडी वाळूवरनं ओढताना खाली फळ्या टाकतात, त्या चार फळ्या त्यांनी आणल्या, दोन पुढे टाकायच्या, व्हीलचेअर त्यावरनं न्यायची, मागच्या दोन उचलून परत पुढे टाकायच्या. असं करत करत तो शंभर फुटांचा पट्टा पार केला, वीस मिनिटं लागली, फळ्यांना माशांचा वास येत होता आणि आई खुर्चीचा दांडा घट्ट धरून पुढे बघत होती. ओल्या वाळूवर आल्यावर पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच पाण्यात नेऊन ठेवली, दोन जण दोन बाजूंनी धरून उभे राहिले. मी तिच्या चपला काढल्या. पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, तसं आईने माझ्याकडे बघितलं. उजव्या पायाला पण कळलं गं, म्हणाली. मला माहीत नाही खरंच कळलं का, डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले थोडी संवेदना येऊ शकते. आम्ही सूर्य बुडेपर्यंत तिथेच होतो, शेवटी पोरांनाच म्हटलं तुमची जाळी राहिलीत, तर म्हणाले राहू द्या.

मार्चमध्ये ग्रामसभा आहे. मामाने पाखाडीच्या शेवटच्या तुकड्याची नोंद तेवीस नंबरला करावी असा अर्ज तयार केलाय, सोबत गेटवाल्या माणसालाही एक पत्र लिहिलंय, की गाव कचऱ्याची जबाबदारी घेतं, रात्री नऊला बेडं लावायची पाळी ठरवतो, दिवसा वाट उघडी ठेवा. तो माणूस वाईट नाही, मामाचा फोन उचलतो, येतो म्हणालाय. अर्जाला ज्यांनी ही वाट वापरली त्यांचे जबाब जोडायचे आहेत, किती वर्षं आणि कशासाठी ते लिहायचं. शेजारच्या आजीचा झाला, होडीवाल्या पोरांच्या वडिलांचा झाला, एकूण एकतीस झाले. आईचा जबाब मी लिहून घेतला, की मी या घरात जन्मले, लग्न होईपर्यंत तेवीस वर्षं रोज या पाखाडीने समुद्रावर गेले, शिंपल्या वेचायला, नारळी पौर्णिमेला, आणि संध्याकाळी नुसतं बसायला. नुसतं बसायला हे लिहू का असं मी विचारलं, तर म्हणाली लिही, तेच जास्त होतं. सही तिने डाव्या हाताने केली.